खोटी सिगारेट आणि खरा धूर

नाट्यकला ही मुळातच खोट्याला खऱ्याचे रूप देणारी कला आहे. रंगभूमीवर ज्याचा खून होतो तो नट पडदा पडताच उठून चहा घेतो. जी नायिका विष पिऊन प्राण सोडते तिला पुढच्या प्रयोगात तेच विष पुन्हा प्यावयाचे असते. सन १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकाचा सारा जीव एका पेल्यात साठविलेला आहे. परंतु सुधाकराचे काम करणाऱ्या नटाच्या पेल्यात दारू असावी लागत नाही. रंगीत पाण्याने काम भागते, आणि त्या पाण्याने प्रेक्षकांच्या डोळ्यांत मात्र खरे पाणी उभे राहते. मद्य, विष, शस्त्र, रक्त, मरण या सर्वांची निरुपद्रवी सोंगे नाटकवाल्यांनी फार पूर्वीच साधून ठेविली आहेत.

एका गोष्टीने मात्र या नियमास दीर्घकाळ दाद दिली नाही. ती गोष्ट म्हणजे धूर. पेल्यात काय आहे हे प्रेक्षकाला कळत नाही. नटाने तोंड वाकडे केले की तो काय ते समजून घेतो. सिगारेटीचे तसे नाही. ती पेटली पाहिजे, तिचे टोक लाल झाले पाहिजे, आणि नाकातोंडातून धुराचा लोट बाहेर पडला पाहिजे. बाहेर पडावयाचा तर तो आधी आत गेला पाहिजे. म्हणजे सोंग भूमिकेचे, पण छाती नटाची स्वतःची. ज्याने जन्मात विडी ओढली नाही अशा नटाला, किंवा जिचे दुधाचे दातही अजून पुरते पडलेले नाहीत अशा बालनटीला धूम्रपान करताना दाखवावयाचे झाले, तर ते कसे दाखवावे? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरांचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि नटाच्या देहावर हक्क कोणाचा, हा मोठा प्रश्न त्या इतिहासाच्या पोटात दडलेला आहे. म्हणूनच तो वाचकांपुढे थोड्या विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

चित्रपट आणि तंबाखू यांची सोयरीक चित्रपट पाळण्यात असतानाच जुळली. सन १८९४ च्या जानेवारीत एडिसनच्या न्यू जर्सी येथील प्रयोगशाळेत डिक्सन याने फ्रेड ऑट नावाच्या तेथील कामगाराचे काही सेकंदांचे एक चित्र घेतले. ऑट चिमूटभर तपकीर नाकात ओढतो आणि शिंकतो, एवढेच त्याचे कथानक. अमेरिकेतील अगदी आरंभीच्या चलच्चित्रांत याची गणना होते. पुढे तीनच वर्षांनी, सन १८९७ मध्ये, एडिसनच्याच कंपनीने ‘ॲडमिरल सिगारेट’ नावाचे एक छोटे चित्र काढले. सिगारेटीची भलीमोठी पेटी उघडते, तीतून एक तरुणी बाहेर येते, निरनिराळ्या वेषांतील पुरुषमंडळींस सिगारेटी देते, आणि आपण सारेच धूम्रपान करतो अशा अर्थाची पाटी शेवटी उलगडली जाते. कथापट म्हणजे काय हे जगाला नीट उमगण्यापूर्वीच सिगारेटीची जाहिरात पडद्यावर येऊन बसली होती.

कथापट आल्यावर छायालेखकांना धुराचा एक निराळाच गुण आढळून आला. मागची भिंत काळोखी ठेवून पाठीमागून प्रकाश टाकला, की धुराचे प्रत्येक वळण रुपेरी रेघेसारखे उमटते. रंग नसलेल्या चित्रात रिकाम्या हवेला आकार देण्याचे याहून स्वस्त साधन दुसरे नव्हते. पुढे बोलपट आले, आणि नटांना सिगारेटीचा दुसरा उपयोग सापडला. दोन वाक्यांमधली स्तब्धता भरून काढावयास हातांना काही तरी उद्योग हवा असतो. काडी ओढणे, झुरका घेणे, राख झाडणे, थोटूक चुरडणे, या चार कृतींत संताप, संकोच, विचार आणि निश्चय हे चारही भाव न बोलता दाखविता येऊ लागले. सन १९४२ च्या ‘नाऊ, व्हॉयेजर’ या चित्रपटात पॉल हेन्रीड दोन सिगारेटी एकदम ओठांत धरून पेटवितो आणि त्यांतील एक बेटी डेव्हिसच्या हाती देतो. प्रणयाचे अख्खे प्रकरण त्या एका कृतीत सांगून झाले.

या काळात खोट्या सिगारेटीचा विचार करण्याचे कोणास कारण नव्हते. उलट खरी सिगारेट ओढण्यात नटांचा आर्थिक लाभच होता. ‘लकी स्ट्राइक’ ही सिगारेट काढणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीने सन १९३७-३८ च्या सुमारास हॉलिवूडमधील अनेक नटनटींशी करार केले. क्लार्क गेबल, गॅरी कूपर, जोन क्रॉफर्ड या आघाडीच्या मंडळींस आपल्या नावाने त्या सिगारेटीची शिफारस करण्याबद्दल वर्षाला १०,००० डॉलर मिळत. म्हणजे नटाचा आवाज, चेहरा आणि कीर्ती यांबरोबर त्याचा श्वासही बाजारात आला होता. ज्याच्या हातातील सिगारेट हीच जणू त्याची ओळख होती तो हंफ्री बोगार्ट सन १९५७ च्या जानेवारीत अन्ननलिकेच्या कर्करोगाने वयाच्या ५७ व्या वर्षी वारला. पडद्यावरील सिगारेटींनीच त्याचा घात केला असे आम्ही म्हणत नाही. तो पडद्याबाहेरही अखंड ओढीत असे. परंतु पडद्यावरची आणि पडद्याबाहेरची सिगारेट एकच होती, हे विसरता येत नाही. गोळी खोटी, दारू खोटी, मरण खोटे. धूर तेवढा खरा.

सन १९५० मध्ये इंग्लंडात डॉल व हिल यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत विंडर व ग्रॅहॅम यांनी, धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे निबंध प्रसिद्ध केले. सन १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला आणि विद्वानांच्या नियतकालिकांतील ती वार्ता घरोघरी पोहोचली. येथून पुढे सिगारेट ओढावयास सांगणे ही नटाकडून केलेली क्षुल्लक मागणी राहिली नाही. जो ओढीत नाही त्याला नकार देण्यास आधार मिळाला, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर निर्मात्यांना पर्याय शोधणे भागच पडले.

पहिला पर्याय सुचला तो पाल्याचा. तंबाखूच्या जागी दुसरी कोणती तरी पाने भरावी, कागद तोच ठेवावा. म्हणजे धूर मिळेल आणि निकोटिन टळेल. ही कल्पना पाश्चात्यांस अगदी नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात धोतऱ्याची पाने भरलेल्या सिगारेटी दमेकऱ्यांसाठी औषध म्हणून तिकडे विकल्या जात. आपल्याकडेही चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी धूमवर्तीचे विधान आहे. तेव्हा तंबाखू हे विष आणि इतर पाला हे औषध, अशी जी समजूत सर्वसाधारण माणसाच्या मनात असते तिला जुनी परंपरा आहे. मार्शमॅलो नावाच्या वनस्पतीची पाने, गुलाबाच्या पाकळ्या, पुदिना, मक्याच्या कणसाचे केस, अशा साहित्याच्या सिगारेटी तयार मिळू लागल्या. कोशिंबिरीत वापरण्याची जी लेट्यूसची पाने, त्यांच्याही सिगारेटी अमेरिकेत निघाल्या.

या लेट्यूसच्या पानांनी चित्रपटाच्या इतिहासात एक मानाचे पान मिळविले आहे. सन १९७३ मध्ये पीटर बॉग्डानोविच याने दिग्दर्शित केलेला ‘पेपर मून’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. काळ १९३० नंतरच्या अमेरिकेतील महामंदीचा. स्थळ कॅन्सस आणि मिझुरी येथील उजाड, धुळकट रस्ते. नुकत्याच विधवा झालेल्या बायकांना बायबलच्या प्रती फसवून विकणारा एक लुच्चा मनुष्य, आणि आई मेल्यामुळे त्याच्या गळ्यात पडलेली, त्याच्याहून वस्ताद अशी एक पोर, यांची ती कथा. ती दोन्ही कामे रायन ओनील आणि त्यांची कन्या टेटम ओनील या खऱ्या बापलेकींनी केली. चित्रण झाले तेव्हा टेटम जेमतेम आठनऊ वर्षांची होती. तिच्या भूमिकेतील ही मुलगी अंथरुणात पडल्या पडल्या, एखाद्या थकलेल्या प्रौढ बाईसारखी, सिगारेट ओढते. तिचे अकाली प्रौढत्व दाखविण्यास दिग्दर्शकाला दुसरे कोणतेही चिन्ह इतके उपयोगी पडले नसते, हे कबूल केलेच पाहिजे. त्या सिगारेटी तंबाखूच्या नव्हत्या. लेट्यूसच्या पानांच्या होत्या. सन १९७४ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांच्या टेटमला साहाय्यक नटीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. स्पर्धेतून ते पारितोषिक मिळविणाऱ्यांत तिच्याइतके लहान त्यानंतरही कोणी झालेले नाही.

पाल्याची सिगारेट ही युक्ती अशा रीतीने यशस्वी ठरली, आणि यशस्वी युक्तीकडे कोणी फार बारकाईने पाहत नाही. आम्हांस येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधावयाचे आहे. पहिली गोष्ट चित्रीकरणाच्या पद्धतीची. दोन मिनिटांचा प्रसंग पडद्यावर सलग दिसतो, पण तो तसा चित्रित होत नाही. तोच प्रसंग दुरून, जवळून, या पात्राच्या बाजूने, त्या पात्राच्या बाजूने, असा पुनःपुन्हा करावा लागतो. आणि प्रत्येक वेळी सिगारेटीची लांबी मागच्या तुकड्याशी जुळावी लागते. एका तुकड्यात अर्धी जळालेली सिगारेट पुढच्या तुकड्यात पूर्ण दिसली, तर प्रेक्षक हसतील. म्हणून दर वेळी नवी सिगारेट हव्या त्या लांबीपर्यंत कापून पेटवावयाची. सन २००७ मध्ये ‘मॅड मेन’ ही अमेरिकन दूरचित्रवाणीमालिका सुरू झाली. न्यूयॉर्कमधील जाहिरातदारांचे सन १९६० च्या सुमाराचे जीवन तीत दाखविले आहे. आणि योगायोग असा की, पहिल्याच भागात नायकापुढे पेच आहे तो ‘लकी स्ट्राइक’च्याच जाहिरातीचा. नायकाचे काम करणारे जॉन हॅम यांनी त्या पहिल्या भागाच्या चित्रणात आपण ७४ सिगारेटी ओढल्याचे पुढे मुलाखतीत सांगितले. त्या पाल्याच्या होत्या. परंतु प्रेक्षकाला जो एक झुरका दिसतो त्याच्यामागे नटाच्या छातीत असे किती झुरके गेलेले असतात, हे या एका आकड्यावरून कळून येईल.

दुसरी गोष्ट रसायनाची. सिगारेटीतील निकोटिन व्यसन लावते, हे खरे. पण छातीला जी इजा होते तिचा मोठा भाग जळण्यापासून होतो. कोणतेही पान जाळले की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड ही दोन्ही उत्पन्न होणारच. ते पान तंबाखूचे आहे की गुलाबाचे, हे अग्नी पाहत नाही. सन २००० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा सिगारेटी विकणाऱ्या एका कंपनीला, पाल्याच्या सिगारेटी आरोग्यास घातक असून त्यांतून डांबर व कार्बन मोनॉक्साइड निघतात, असा इशारा जाहिरातींत देणे भाग पाडले. म्हणजे ज्या वस्तूला निर्माते निरुपद्रवी समजून नटाच्या हाती देत आले, ती केवळ व्यसन न लावणारी आहे, निरुपद्रवी नाही. ‘पेपर मून’च्या वेळी ही जाणीव सर्वत्र झालेली नव्हती, तेव्हा त्या मंडळींस आज दोष देण्यात स्वारस्य नाही. परंतु आज ती झालेली आहे, आणि तरीही पाल्याची सिगारेट हाच या प्रश्नाचा शेवट आहे असे मानून चालणारे पुष्कळ आहेत.

मग इतर उपाय कोणते? सर्वांत जुना उपाय म्हणजे धूर छातीत न घेता गालांतच धरून सोडून देणे. त्याने इजा कमी होते. पण मुरलेल्या धूम्रपान्याला ती लबाडी तत्काळ ओळखू येते. याचे कारणही मौजेचे आहे. सिगारेटीच्या टोकावरून उठणारा धूर अतिसूक्ष्म कणांचा असल्यामुळे निळसर दिसतो. छातीत जाऊन आलेल्या धुराचे कण ओलाव्याने फुगलेले असतात, म्हणून तो पांढुरका दिसतो आणि मऊ पसरतो. तोंडातल्या तोंडात फिरवून सोडलेला धूर दाट गोळ्यासारखा बाहेर पडतो. दुसरा उपाय चित्रांच्या जोडणीचा. पात्र काडी ओढते तेथे एक तुकडा संपवावयाचा. पुढच्या तुकड्यात रक्षापात्रावर ठेवलेली जळती सिगारेट आणि तिच्यामागे पात्राचा चेहरा दाखवावयाचा. प्रेक्षक मधला झुरका स्वतःच्या मनाने भरून घेतो. सिगारेट ओढलेली दिसते, पण ती कोणी ओढलेली नसते. आमच्या मते या सर्व युक्त्यांत चित्रपटकलेला खरोखर शोभणारी युक्ती हीच होय.

रंगभूमीला असे तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून तिने भुकटीची सिगारेट काढली. कागदाच्या नळीत बारीक पांढरी पूड असते व टोकाला चकाकणारा लाल कागद असतो. नटाने फुंकर मारली की पुढून धुरासारखा ढग निघतो. तीत ओढण्याचे कामच नाही, फुंकण्याचे आहे; मात्र ती दुरूनच शोभते आणि दोनचार फुंकरींत रिती होते. सन २००३ मध्ये होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने विजेवर चालणारी सिगारेट काढली, आणि तिचा निकोटिनरहित प्रकार नाटक-चित्रपटांत शिरला. तीत काही जळत नाही. ग्लिसरिन व ग्लायकॉल यांसारख्या द्रवांची वाफ होते, आणि टोकाला छोटा दिवा लागतो. परंतु ती वाफ हवेत लवकर विरते, राख पडत नाही, आणि वाफ म्हणजे शुद्ध हवा असेही नव्हे. ग्लायकॉलच्याच कृत्रिम धुक्यात काम करणाऱ्या ब्रॉडवेवरील नटांची जी पाहणी सन २००० मध्ये प्रसिद्ध झाली, तीत दाट धुक्याने घशाला व श्वासमार्गाला त्रास होतो असे आढळले होते.

शेवटचा उपाय संगणकाचा. नटाने न पेटविलेली सिगारेट हातात धरावी, ओठांशी न्यावी, श्वास सोडावा. टोकाची लाली आणि तोंडातील धूर मागाहून चित्रावर रेखाटावा. या कामास वेळ आणि पैसा लागतो, आणि पहिल्या प्रयत्नांत तो धूर चिकटविल्यासारखा दिसे. परंतु निळसर आणि पांढुरक्या धुरातील जो भेद वर सांगितला, तो आता कसबी चित्रकारांस साधतो. याचा अर्थ फार मोठा आहे. ज्या एका पदार्थाला इतकी वर्षे सोंग देता येत नव्हते, त्यालाही अखेर सोंग मिळाले. सुधाकराच्या पेल्यातील रंगीत पाण्याच्या पंक्तीला धूर आता येऊन बसला आहे. तेव्हा प्रसंग खरा दिसण्यासाठी नटाने धूर घेतलाच पाहिजे, ही सबब येथून पुढे टिकावयाची नाही.

सरकारी कायदे या प्रश्नाकडे कसे पाहतात तेही पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडने सन २००६ च्या मार्चमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी केली, आणि रंगभूमीलाही सवलत दिली नाही. त्याच वर्षी एडिंबरोच्या नाट्योत्सवात मेल स्मिथ हा नट विन्स्टन चर्चिलची भूमिका करणार होता. चर्चिल आणि सिगार यांची फारकत करणे म्हणजे इतिहासाचा विपर्यास, असे म्हणून त्याने रंगमंचावर सिगार पेटविण्याचा मनोदय जाहीर केला; पण नाट्यगृहावर कारवाई होण्याचा धाक पडला तेव्हा सिगार न पेटविताच चर्चिल उभा राहिला. इंग्लंडने सन २००७ च्या जुलैत कायदा अमलात आणताना, कलाकृतीच्या दृष्टीने आवश्यक असेल तेथे प्रयोगापुरती नटाला सवलत ठेविली. उलट अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सन २००९ च्या डिसेंबरमध्ये, रंगमंचावर पाल्याची सिगारेटही पेटविता येणार नाही, असा निकाल दिला. नाटकमंडळ्यांचे म्हणणे असे की, धूर हाही अभिव्यक्तीचा भाग आहे. न्यायालयाचे म्हणणे असे की, तो इतर मार्गांनी सूचित करता येतो. आमचे मत या बाबतीत न्यायालयाकडे झुकते. चर्चिलचा चर्चिलपणा जर त्याच्या सिगारीच्या जळत्या टोकातच असेल, तर नटाने करावयाचे उरले काय?

येथवर आपण नटाच्या छातीचा विचार केला. परंतु पडद्याच्या दुसऱ्या बाजूला प्रेक्षक बसलेला आहे, आणि त्याचे गाऱ्हाणे निराळे आहे. सिगारेट पाल्याची आहे की संगणकाची आहे हे त्याला दिसत नाही. त्याला दिसते ती सिगारेट. किंबहुना सोंग जितके उत्तम, तितका त्याचा परिणाम खऱ्यासारखा. तंबाखूच्या व्यापाऱ्यांना हे मर्म चांगले ठाऊक होते. सन १९८० च्या ‘सुपरमॅन २’ या बाळगोपाळांच्या आवडीच्या चित्रपटात आपली सिगारेट दिसावी म्हणून फिलिप मॉरिस कंपनीने पैसे मोजले होते. सन १९८३ मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोन याने निदान पाच चित्रपटांत एका कंपनीच्या सिगारेटी वापरण्याचे ५,००,००० डॉलरांच्या मोबदल्यात लेखी मान्य केले होते. सन १९९८ च्या तडजोडीने अमेरिकेत असे पैसे देण्यास बंदी झाली. सन २०१२ मध्ये तेथील सर्जन जनरलच्या अहवालाने, चित्रपटांतील धूम्रपानाची दृश्ये आणि कोवळ्या वयात लागणारे व्यसन यांमध्ये कार्यकारणसंबंध आहे, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. आणि सन २०१५ मध्ये डिस्ने कंपनीने, इतिहासातील खऱ्या व्यक्तींचा अपवाद ठेवून, मुलांसाठीच्या आपल्या चित्रपटांतून धूम्रपान वगळण्याचे जाहीर केले. एवंच, खोटी सिगारेट नटाला वाचवील. प्रेक्षकाला वाचविण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. या दोन गोष्टींची गल्लत करणारे निर्माते ‘सिगारेट खोटी होती’ एवढ्या उत्तरावर समाधान मानतात.

आपल्या देशात या वादाला तोंड फुटले ते प्रेक्षकाच्याच बाजूने. मराठी मातृभाषा असलेल्या कुटुंबात बंगळुरास जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच तमिळ चित्रसृष्टीचे रजनीकांत, यांची सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलण्याची लकब लाखो तरुणांनी उचलली होती. सन २००२ मध्ये त्यांचा ‘बाबा’ हा चित्रपट आला तेव्हा पट्टाळी मक्कल कच्ची या पक्षाने त्यातील धूम्रपानाविरुद्ध मोठी ओरड केली. त्याच पक्षाचे अंबुमणी रामदास पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाले, आणि सन २००५ मध्ये चित्रपटांतून धूम्रपानाची दृश्ये समूळ बंद करण्याचा नियम त्यांनी पुढे आणला. दिग्दर्शक महेश भट्ट यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले, आणि सन २००९ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली. पुढे सन २०१२ च्या २ ऑक्टोबरपासून मधला मार्ग निघाला: दृश्य राहू द्यावे, पण आरंभी व मध्यंतरानंतर आरोग्याचा संदेश दाखवावा, आणि दृश्य चालू असेतोवर पडद्याच्या तळाशी इशाऱ्याची ओळ ठेवावी. त्या ओळीला कंटाळून सन २०१३ मध्ये वुडी ॲलन याने आपला ‘ब्लू जॅस्मिन’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित होऊच दिला नाही. सन २०२३ पासून इंटरनेटवरून घरोघरी येणाऱ्या चित्रपटांनाही हाच नियम लागू झाला आहे.

त्या ओळीची थट्टा पुष्कळ होते. पण तिच्याविषयी आमची तक्रार निराळी आहे. ती ओळ प्रेक्षकाला सावध करते. नटाविषयी ती मुकी आहे. बाराव्यांदा तोच झुरका घेण्यास ज्याला सांगितले जाते, त्याच्यासमोर ती ओळ कोणी धरीत नाही. प्रख्यात नटाला नाही म्हणता येते, आपली अट करारात घालता येते. गर्दीतील एखाद्या गुंडाचे काम मिळालेला होतकरू मुलगा नाही म्हणाला, तर ते काम दुसऱ्याला जाते. बालकांविषयी कायदा कडक आहे: सन २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा सांगितली आहे, आणि सन २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराच्या कामाचे तास दिवसाला पाचावर आणले आहेत. परंतु त्या शिक्षेच्या कलमात शब्द आहेत ते मद्याचे, अंमली द्रव्यांचे व तंबाखूचे; पाल्याच्या सिगारेटीचा त्यात उच्चार नाही. लेट्यूसचे जळते पान आजही त्या शब्दांच्या फटीतून निसटू शकते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रौढ नटाला धूर घ्यावयाचा असेल तर त्याने तो जाणून, आधी विचारले गेल्यावर आणि नकाराचा मार्ग मोकळा असताना घ्यावा. बालनटाच्या हाती मात्र पेटलेली कोणतीही वस्तू देऊ नये. ती तंबाखूची असो, गुलाबाची असो, नाही तर कोशिंबिरीच्या पानांची असो. अजाण मुलाची संमती ही संमती नव्हे, आणि आईबापांनी तिच्यावर सही केली म्हणून ती तशी होत नाही. शिवाय मूल केवळ धूर घेत नाही, ते एक ऐट शिकते. बोटांत सिगारेट कशी धरावी, कोणत्या क्षणी ती ओठांशी न्यावी आणि त्याने आपण किती मोठे दिसतो, हे एकदा शिकलेले हात विसरत नाहीत. त्या धड्यावर बिननिकोटिनचा उतारा नाही. कथेला अशा मुलाचे चित्र हवेच असेल, तर विझलेली सिगारेट, रक्षापात्रातील थोटूक आणि जवळ उभे राहिलेले ते मूल, एवढे पुरे आहे. उरलेले प्रेक्षक समजून घेतो. रंगभूमीवर त्याने आजवर रंगीत पाण्याला दारू आणि लाकडाच्या पट्टीला तलवार मानले, ते कोणी त्याला फसविले म्हणून नव्हे; नटाला इजा न होता कथा पुढे जावी, हा त्या दोघांमधला जुना करार आहे म्हणून. धुरानेही आता त्या करारावर सही करावी.